हाकेचं बटण

१० नोव्हेंबर, रविवार

‘गवार’ काही केल्या येईना. आईने चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि मग माझा मोबाईलच पालथा घातला. गवारीवाचून माझं काही अडत नाही, असा चेहरा. बरं बाई, गवार रद्द!

दुपारभर मी तिच्यासमोर मोबाईल धरून बसले होते आणि ती एकेक शब्द बोलत होती. पाणी. चहा. हो. नको. दमले. पाठ दुखतेय. टीव्ही बंद कर. राजरत्नला फोन लाव. जिभेवर अक्षरं लोळतात आता, ‘पाठ’चं ‘पात’ होतं, पण आवाज तिचाच आहे. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात आधी आवाज जाईल, मग गिळणं, मग हात. नसा एकामागून एक काम सोडतील. इतक्या शांतपणे सांगितलं, जसा काही रिक्षावाला रस्ता सांगतोय. म्हणून आवाज आहे तोवर मी साठवून ठेवतेय.

शेवटी माझं नाव घेतलं. ‘स्वप्ना.’ ते मात्र पहिल्याच झटक्यात आलं. मला रडू आवरेना, तर तिनेच पदराने माझं तोंड पुसलं. आजारी कोण आणि डोळे कोण पुसतंय!

हाच आवाज तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अख्ख्या वर्तकनगरला ऐकू जायचा. मी खाली खेळत असायचे. पहिल्या हाकेला मी कधीच हलले नाही. दुसरीला ‘आले गं’. तिसरीला मात्र डाव टाकून धावत वर, कारण चौथी हाक नसायची, धपाटा असायचा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पान तयार झालं. टॅबवर मोठमोठी बटणं, दाबलं की आईचा आवाज. आत एकच छोटं फंक्शन आहे, त्याचं नाव मी ‘बोल’ ठेवलंय. त्याला शब्द द्यायचा, ते तो शब्द आईच्या आवाजात वाजवतं. एवढंच त्याचं काम. इतकी वर्षं ऑफिसात जावास्क्रिप्ट लिहितेय, साड्या आणि मिक्सर विकणारी पानं बनवतेय. पहिल्यांदाच कोणाच्या तरी खऱ्या गरजेचं काही लिहिलं.

आईने पहिलं बटण दाबलं ते ‘चहा’. रंभाताईने खरंच करून आणला. रंभाताई आईला सांभाळायला कोपरीहून येते, सकाळी माझं आवरायच्या आधी हजर. कप ठेवत म्हणाली, आता आई मला दिवसभर पळवणार बघा. आईने लगेच ‘हो’ दाबलं. किती दिवसांनी तिने कोणाच्या बोलण्यावर प्रत्युत्तर दिलं! मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

१७ नोव्हेंबर, रविवार

राजरत्नदादा आला होता कोपरहून. आईला भेटायला येतो दर रविवारी, पण आज हातात पितळेची घंटा! आईच्या उशाशी ठेवायला म्हणे, कधी गरज लागली तर. मला मुळीच आवडलं नाही. म्हटलं, माझं ॲप असताना घंटा कशाला? तो म्हणाला, अगं लाइट जाते, टॅब बंद पडतो, काहीही होतं. साधी वस्तू बरी असते. साधी वस्तू! याला स्वतःच्या मोबाईलचा पासवर्ड लक्षात राहत नाही आणि मला शिकवतोय.

शेवटी दोन्ही आईसमोर ठेवलं. तिने घंटा बाजूला सारली आणि टॅबवर ‘हो’ दाबलं. माझ्याकडे बघत. दादाने घंटा कपाटावर ठेवून दिली. जिंकल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात मुलाखती. मी आणि चित्रा. चित्रा माझी मॅनेजर, पण कोडचे प्रश्न मी विचारते. माझा ठरलेला प्रश्न टाकला — एका फंक्शनची हुबेहूब प्रत कशी काढाल? डोंबिवलीचा मुलगा होता, चुणचुणीत. म्हणाला, बाइंड करायचं, म्हणजे मूळ फंक्शनला बांधलेलं नवं फंक्शन मिळतं, झाली प्रत. मी म्हटलं, ती प्रत नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनची खरी प्रत निघतच नाही. तुम्ही नुसता नवा अभ्रा चढवलात, उशी आत तीच. उशीत ढेकूण असतील तर नव्या अभ्र्यातही ढेकूणच.

पोरगा गोरामोरा झाला. नंतर चित्रा म्हणाली, फार सोलतेस तू त्यांना. सोलतेच. ज्याला एवढं कळत नाही त्याच्या हातात कोड कोणी द्यायचा?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आईचं बोट थरथरायला लागलंय. एकदा टेकवलं की पटकन उचलता येत नाही, तिथेच हलत राहतं. टॅबला वाटतं ती पुन्हा पुन्हा दाबतेय. मग पाणी पाणी पाणी पाणी. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही तिघीही हसलो होतो, आईसुद्धा.

आज शेजारच्या बायजाकाकू बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ‘लघवी’ सुरू झालं ते थांबेचना. काकू बिचाऱ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. आईने टॅब पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. अंधार पडेपर्यंत एकही बटण दाबलं नाही. जेवताना विचारलं, अजून थोडं देऊ का, तर मानसुद्धा हलवली नाही. हे मी असं राहू देणार नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

सोपं निघालं. मूळ ‘बोल’ला हातसुद्धा लावला नाही. त्याच्याभोवती दुसरं एक फंक्शन गुंडाळलं. बटण दाबलं की आता आधी हे बाहेरचं जागं होतं. पहिल्यांदाच दाबलं असेल तर आतल्या ‘बोल’ला सांगतं, वाजव. त्याच बटणावर लगेच पुन्हा बोट लागलं तर गप्प बसतं. बोट थरथरत आहे तोवर गप्पच. ते थोडा वेळ थांबलं की मग पुन्हा मोकळं. आणि या बाहेरच्याचं नावही ‘बोल’च ठेवलं, म्हणजे बटणांना काही कळायला नको आणि मला बाकी काही बदलायला नको. ऑफिसात अशी गुंडाळागुंडाळ रोजच चालते. लोक चिडून ‘ऑर्डर द्या’ दाबत सुटतात, मिक्सर मात्र एकच जायला हवा.

आईने ‘पाणी’ दाबलं. बोट थरथरत राहिलं. ‘पाणी’ एकदाच आलं, माणूस म्हणतं तसं. तिने पुन्हा करून पाहिलं, मग ‘चहा’, मग ‘लघवी’. मग माझा हात ओढून आपल्या गालाला लावला. आज झोप छान लागेल.

१ डिसेंबर, रविवार

आंघोळ करताना डोक्यात आलं — हाक! बाकीचे शब्द एकदाच आले तर उत्तम. पण मला मारायची हाक तिला परत परत मारता आली पाहिजे. घाईची वेळ आली तर?

केस ओलेच होते. लॅपटॉप उघडला, ‘बोल’ची एक वेगळी प्रत काढली, तिच्यात माझं नाव बसवलं आणि ती हाकेच्या मोठ्या लाल बटणाला लावली. बाकी सगळी बटणं गुंडाळलेली, हे एकच मोकळं. सगळ्यात खाली एक ओळ टाकली, संपलं. गॅसवर चहा ठेवला होता, तो उतू जायच्या आत झालंसुद्धा. दाबून पाहिलं. ‘स्वप्ना.’ ओके.

६ डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षी आजच्या दिवशी आई चैत्यभूमीला जायची. पांढरी साडी, पिशवीत भाकरी-चटणी, परत यायची ती पुस्तकं घेऊन. यंदा घरीच. रंभाताईने तिला पांढरी साडी नेसवली, मी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. आई खुर्चीत बसून फोटोकडे बघत होती. तिला तिथे जायचं होतं, हे कळायला शब्द लागत नव्हते.

संध्याकाळी बिल्डिंगमधली माणसं येऊन गेली. जो तो आत येताना जय भीम म्हणायचा आणि आई बटण दाबायची. ‘जय भीम.’ हे रेकॉर्ड करताना तिने जीव एकवटून जीभ सरळ केली होती, त्यामुळे एकदम ठणठणीत आलंय. बायजाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, पोरीने आईला वाचा दिली. मी काहीतरी पुटपुटले, पण आतून फुलले होते. आईही माझ्याकडे अशी बघत होती जसं काही मी बोर्डात आलेय.

१९ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांकडे. गिळणं कठीण होत चाललंय, आता सगळं घट्टसर पेजेसारखंच द्यायचं, बसवूनच द्यायचं. पुढेमागे पोटात नळी घालावी लागेल, असं ते म्हणाले. आईने टॅबवर ‘टीव्ही बंद कर’ दाबलं. डॉक्टर इकडेतिकडे टीव्ही शोधायला लागले. मला सांगावं लागलं की विषय बंद करायला ती हेच वापरते. येताना रिक्षात ती आणि मी दोघी हसत होतो. घरी आल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं.

८ जानेवारी, बुधवार

चित्राने घरून काम मंजूर केलं! ऑफिसात कधीतरीच जायचं. आता मी दिवसभर पलीकडच्या खोलीत. आईने दुसरं काही बोलायच्या आधी ‘चहा’ दाबलं, म्हणजे माझ्यासाठी.

२५ जानेवारी, शनिवार

लिहायला हात उचलत नाही. पण नाही लिहिलं तर ते डोक्यात फिरत राहतं.

गुरुवारी दुपारी. नवीन काम लोकांसाठी चालू करायचं होतं, त्याचा कॉल. रंभाताईने आईला पेज भरवली, पाठीशी उशा लावून खुर्चीत बसवलं, टॅब मांडीवर ठेवला आणि औषधं आणायला खाली गेली. मला सांगून गेली. मी मान हलवली. दार लोटलेलं होतं, हेडफोन एकाच कानात.

हाक आली. ‘स्वप्ना.’ मला नीट ऐकू आली. मी ‘आले गं’ म्हटलं. कॉलवर कोणीतरी माझ्याच कामात चूक काढत होतं आणि त्याला उत्तर देणं मला जास्त गरजेचं वाटलं. अर्धा कान मी दुसऱ्या हाकेकडे ठेवला होता. ती आलीच नाही. म्हटलं उशी सरकली असेल, झाली असेल नीट. मी बोलत राहिले. त्या माणसाला गप्प केलं मी, चांगलं पुराव्यासकट.

मग रंभाताईची किंकाळी.

पेज वर आली होती आणि छातीत उतरली होती. आई निळी पडली होती. मान एका बाजूला, बोट अजून टॅबवर. पुढचं नीट आठवत नाही. रंभाताईने तिला पुढे वाकवून पाठीवर मारलं, मी कोणाला तरी फोन केला, बायजाकाकूंच्या मुलांनी खुर्चीसकट खाली उतरवलं.

आयसीयूतल्या डॉक्टरने विचारलं, किती वेळ गुदमरत होत्या? मला माहीत नव्हतं. हाक नाही मारली का, म्हणाला. मारली, मी म्हटलं, एकदाच. तो म्हणाला, दुसऱ्यांदा दाबायची ताकद राहिली नसेल हो. चांगला माणूस आहे. मी ते वाक्य धरून ठेवलंय.

२८ जानेवारी, मंगळवार

आज आत सोडलं. तोंडात नळी, हाताला सुया. टॅब आत नेऊ देत नाहीत. मी तिचा हात हातात घेतला तर तिने माझ्या तळव्यावर बोट टेकवलं. परत टेकवलं. टेकवतच राहिली. सिस्टर म्हणाली, नसा उडतात अशा, मुद्दाम नाही करत त्या. पण ती माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं, आई, काय हवंय? पाणी? दादा? मग वेळ संपली म्हणून बाहेर काढलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आई गेली.

३ फेब्रुवारी, सोमवार

घर माणसांनी भरलंय. सुटली म्हणतात. पुढचं फार वाईट असतं, नळी, मशीन, त्यातून सुटली. तू कमी केलं नाहीस काही, म्हणतात. रंभाताई तेवढी काही म्हणत नाही. कोपऱ्यात बसून आईच्या साड्यांच्या घड्या करते, मोडते, परत करते.

मला आईचा राग येतोय. हे कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. का नाही मारलीस दुसरी हाक? आयुष्यभर एका हाकेवर मी कधी आले होते का? तुला माहीत होतं ना मी कशी आहे? अजून एकदा, फक्त अजून एकदा दाबायचं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आम्ही मागून म्हटलं. दादाचा आवाज मध्येच बसला, तेव्हा मी मोठ्याने म्हणून त्याचं झाकून नेलं. लोकांनी आईबद्दल दोन शब्द बोलावेत, असं ठरलं होतं. बायजाकाकू उभ्या राहिल्या आणि आईबद्दल बोलायचं सोडून माझ्या ॲपबद्दलच बोलल्या. शेवटपर्यंत बोलती राहिली बाई, मुलीच्या हुशारीने, असं म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुठे बघावं कळेना.

१६ फेब्रुवारी, रविवार

टॅब चार्जिंगला लावला. दवाखान्यातून आल्यापासून तो आईच्या उशीखाली तसाच होता. मनात एवढंच होतं की तिच्या तोंडून माझं नाव ऐकावं.

लाल बटण दाबलं. ‘स्वप्ना.’ लगेच परत दाबलं, अजून ऐकायचं होतं मला. काहीच नाही. परत दाबलं. नाही. वाटलं बॅटरीचं असेल. दाबत राहिले, दाबत राहिले, टॅब ढिम्म. बोट दुखलं म्हणून थांबले. थोड्या वेळाने दाबलं तर — ‘स्वप्ना.’

तो टॅब मी जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापासून लांब जाऊन बसले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज धीर करून कोड उघडला. बघायला काही वेळ लागला नाही. दुसऱ्याचा असता तर मी उभ्या उभ्या पकडला असता.

त्या शनिवारी मी ‘बोल’ गुंडाळला. बाहेरच्यालाही ‘बोल’च नाव दिलं. रविवारी हाकेच्या बटणासाठी ‘बोल’ची प्रत काढली. पण तोवर ‘बोल’ म्हणजे गुंडाळलेलाच झाला होता. मूळ जो होता तो आत गेला होता, त्याला बाहेरून हाक मारायला नावच उरलं नव्हतं. मी मोकळ्याची प्रत काढली असं समजून गुंडाळलेल्यालाच बाइंड केलं. त्या डोंबिवलीच्या पोराला मी काय काय ऐकवलं होतं! नवा अभ्रा, उशी तीच. ते मी बोलले होते आणि दहा दिवसांत स्वतःच केलं, ओल्या केसांनी, चहा उतू जायच्या आत. ती ओळ खाली न टाकता गुंडाळायच्या आधी टाकली असती तर झालं असतं. आणि बटण मी एकदाच दाबून पाहिलं. एकदाच दाबणाऱ्याला ते नेहमीच ओके दिसणार.

बोट थांबेपर्यंत गप्प राहायचं, असं मीच त्याला सांगितलं होतं. म्हणजे ती जितकी घाबरून दाबत गेली तितकं ते गप्प राहत गेलं. थांबली असती तर वाजलं असतं. गुदमरणारं माणूस थांबतं का?

ज्याला आवाज चढवता येत नाही त्याने ओरडायचं कसं? तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून. दुसरं होतं काय तिच्याकडे? ताकद नव्हती म्हणे! ताकद होती. तिने दुसरी हाक मारली, तिसरी मारली, पुढच्याही मारल्या. मी तिचं ओरडणंच काढून घेतलं होतं. आणि वर तिच्यावर रागावले.

२३ फेब्रुवारी, रविवार

कोपरला गेलेले. दादाला सांगायचंच, असं ठरवून गेलेले. वहिनी आत स्वयंपाकात होती, आम्ही दोघं बाहेर. सगळं सांगितलं. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. फंक्शन, प्रत, गुंडाळणं, त्याला काय कळणार. शेवटी म्हणाला, “म्हणजे बटण बिघडलेलं?”

मी म्हटलं, नाही, बिघडलं नव्हतं. मी लिहिलं होतं तसंच चाललं ते.

मला वाटलं आता घंटेचं काढेल. काढायलाच हवं होतं. पण म्हणाला, “मशीन आहे स्वप्ना. मशीनचं काय धरून बसायचं. तू होतीस म्हणून ती इतके दिवस बोलली तरी.” मग उठून आत गेला आणि खूप वेळ तोंड धूत होता.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी न जेवता निघाले. वहिनीने डबा दिला तो हातात तसाच होता घरी येईपर्यंत. कोड दुरुस्त केलेला नाही. कोणासाठी करू?

२ मार्च, रविवार

रंभाताई तिची चादर आणि डबा न्यायला आली. तिलाही सांगितलं, बटण माझ्यामुळे एकदाच वाजायचं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, “ते आईंना ठाऊक होतं ताई. डिसेंबरातच कळलेलं त्यांना. थांबून थांबून दाबायला शिकल्या होत्या. मी म्हटलेलं, ताईंना सांगते, त्या लगेच नीट करतील. तर त्यांनी तुमचं नाव दाबलं, मग ‘दमले’ दाबलं. मला कळलं काय म्हणायचंय ते. तरी मी म्हटलं, सांगतेच. तेव्हा ‘नको’ दाबलं. दाबतच राहिल्या. आवाज एकदाच आला.”